हारात आवळलेली झडप

मित्रांनो, किकवीत हायवेला लागून अश्विनीताईंची लॉन्ड्री आहे. तिच्या मागच्या भिंतीवर, जिकडे कुणी फिरकत नाही अशा जागी, मी एक जुनी पत्र्याची झडप आहे. आत कपडे वाळवणारा ड्रायर फिरू लागला की त्याची गरम, दमट हवा नळीतून येते आणि मी उघडते. ड्रायर थांबला की मिटते. काम एवढंच, पण मी अडले तर कपडे काही केल्या वाळत नाहीत.

हवेबरोबर कपड्यांची लवही येते. ती मऊ दिसते म्हणून फसू नका. गरम नळीत साचली तर पेटायला तिला वेळ लागत नाही. सुरुवातीला अश्विनीताई दर रविवारी मला ब्रशने साफ करायच्या. मग काम वाढलं. कौतुक सगळं ड्रायरच्या वाट्याला, माझी आठवण कुणाला?

यंदा खंडेनवमीला मात्र त्यांच्या सासूबाई, ठकुबाई, माझ्यापर्यंत आल्या. हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला आणि वाऱ्याने उडू नये म्हणून दोऱ्याने करकचून आवळला. मी हरखून गेले! पण मला उघडताच येईना. त्यातून त्यांच्या घरचा रिवाज असा, की पूजेचा हार आपण होऊन गळेपर्यंत काढायचा नाही. माझ्यामागे लव साचत गेली. चादरी दमट राहू लागल्या. शिवऱ्याच्या लॉजवाल्या धनाजीरावांनी निरोप धाडला, की पुन्हा ओली चादर आली तर काम दुसरीकडे.

एका दुपारी करपल्याचा वास सुटला. अश्विनीताईंनी ड्रायर बंद केला, वायर काढली आणि कात्री घेऊन तरातरा मागे आल्या.

"आत्याबाई, म्या हार कापतीय."

"अगं, देवाचं हाय ते! आपसूक गळंल."

"तवर लॉन्ड्री जळून जाईल. आन आत तुमीबी असता."

दोरा तुटला. ताईंनी कोपरापर्यंत हात घालून लवेचा करडा गोळा बाहेर ओढला. त्याची एक कड काळी पडली होती. ती पाहून ठकुबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी पदर खोचला.

"सरक, नळी म्या धरती. सगळंच काढू."

दोघींनी नळी सोडवून झटकून साफ केली. संध्याकाळी चादरी खडखडीत वाळून लॉजवर गेल्या. आता रविवारचा ब्रश ठकुबाई दुसऱ्या कुणाच्या हाती देत नाहीत.

मित्रांनो, तुमच्याकडे असं मशीन असेल, तर आजच भिंतीमागे जाऊन बघा. नमस्कार मागाहून केलात तरी चालेल. आधी आम्हाला श्वास घेऊ द्या.