काट्याला वळसा

हल्ली काटेवाला कामावर येताना काट्याला वळसा घालून केबिनमध्ये शिरायचा.

कारखान्याच्या फाटकाला लागूनच तो काटा होता. अख्खा ट्रक मावेल एवढा लोखंडी पत्रा, जमिनीत बसवलेला. ट्रक एकदा रिकामा चढायचा, एकदा माल भरून, आणि काचेच्या केबिनमध्ये बसलेला हा माणूस आकडा बघून माईकवर ओरडायचा, "चला, पुढे घ्या!" केबिनकडे जायची सरळ वाट त्या पत्र्यावरूनच होती. बाजूला ट्रक धुतल्याचं पाणी साचून झालेला चिखल, सांडलेलं तेल, विटांचे तुकडे. काटेवाला त्या चिखलातून जायचा. रोज बूट बरबटून घ्यायचा.

"काय हो, काटा चावतो का तुम्हाला?" एका म्हाताऱ्या ड्रायव्हरने विचारलं.

"घसरायला होतं."

पत्रा उन्हात खडखडीत वाळलेला होता. म्हाताऱ्याने पत्र्याकडे पाहिलं, मग काटेवाल्याच्या पोटाकडे पाहिलं, आणि गप्प बसला. त्या गप्प बसण्यापेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या.

गेल्या वर्षी याच म्हाताऱ्याने त्याला दंडाला धरून काट्यावर उभं केलं होतं. ट्रकचा काटा वीस-वीस किलोने हलतो, मधलं काही दाखवत नाही, माणूस त्याच्या खिजगणतीत नसतो. एके काळी काटेवाला उभा राहिला की एकशे वीस यायचे. त्या दिवशी शंभर आले. चहाला थांबलेल्या ड्रायव्हरांनी शिट्ट्या मारल्या. "अहो, अर्धं पोतं उतरवलंत की! कुठे टाकलंत?"

बारीक होणाऱ्याचं कौतुक करायला जग टपलेलंच असतं. ज्यांनी जन्मभर ढोल म्हटलं, त्याच तोंडांनी विचारतात, "काय केलंस रे, सांग की." आणि हा मूर्ख सांगायचा. पहाटे चालतो. साखर सोडली. जणू साखर म्हणजे नोकरी, एकदा सोडली की सुटली.

ते अर्धं पोतं त्याने हौसेने उतरवलं नव्हतं. त्याच्या थोरल्या बहिणीच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. रक्त साफ करायला एक दिवसाआड तिला मशीनवर घ्यायचे. घरातल्यांच्या तपासण्या झाल्या आणि जुळली ती याचीच. पण डॉक्टरीणबाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "एवढ्या वजनावर मी तुम्हाला टेबलावर घेणार नाही. तुमच्याच जिवाला धोका. पंच्याण्णवच्या खाली या, मग बोलू." वर्ष गेलं त्यात. तो त्र्याण्णववर आला. ऑपरेशनची तारीख ठरली.

तारीख तोंडावर आली आणि ताईला ताप भरला. फुप्फुसात पू झाला होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आधी हे निस्तरू, मग ते. किती दिवस लागतील? सांगता येत नाही.

काटेवाला घरी आला. हॉस्पिटलची बॅग दाराशी भरून ठेवलेली होती. बायको कामावर होती. त्याने चपला काढल्या नाहीत. पाव काढला, लोणी काढलं आणि ओट्याशी उभा राहून अख्खा पाव संपवला. रडत वगैरे नव्हता. दुःखाने खातात, असं लोक म्हणतात, ते काही खरं नाही. त्याला भूक लागली होती. वर्षभराची भूक. ती कुठेही गेली नव्हती, दाराआड उभी होती, आणि आज दार उघडं सापडलं.

एका दिवसाने काय होतंय, हे वाक्य त्याने पुढे किती दिवस वापरलं कोण जाणे. घरातल्या वजनकाट्याचा सेल संपला, तो त्याने बदलला नाही. काटा पलंगाखाली सरकवला. दिवसभर दुसऱ्यांचा माल मोजणारा माणूस, स्वतःच्या अंगाला मात्र आंधळा झाला. पँटच्या हुकाने काय ते सांगितलं, मग त्याने नाडीची पँट घेतली.

ताईला बरं व्हायला आठ महिने लागले. तिची छाती साफ झाली आणि भावोजींचा, म्हणजे ताईच्या नवऱ्याचा, फोन आला. "डॉक्टर म्हणतात, आता हरकत नाही. दोघांच्या तपासण्या परत करायच्यात. कधी येतोस?"

"बघतो भावोजी. सुट्टीचं जरा अवघड आहे."

पुढच्या वेळी पाठीत उसण भरली होती. त्याच्या पुढच्या वेळी त्याने फोन उचललाच नाही. आधी तो दर आठवड्याला ताईशेजारी मशीनजवळ जाऊन बसायचा. तेही बंद झालं.

एका संध्याकाळी बायको कामावरून आली ती पर्स न ठेवताच त्याच्यासमोर उभी राहिली.

"अहो, भावोजींनी मला फोन केला होता. विचारत होते, तुमची ना आहे का म्हणून."

"मग?"

"मग काय? ताईंच्या सासूबाई मागून बोलत होत्या, मला ऐकू येत होतं. बायको आडवी आली असणार, म्हणे."

"म्हणू दे."

"म्हणू दे?" तिने पर्स खुर्चीवर आपटली. "तुम्हाला वजन वाढलं हे सांगायची लाज वाटते, म्हणून मी चेटकीण होऊ? वर्षभर तुमच्याबरोबर मीही उकडलेलं खाल्लं. तोंडातून एक शब्द काढला नाही. आणि आता नणंदेच्या जिवावर उठलेली ती मी!"

तो टेबलाच्या कडेला नखाने खरवडत बसला. त्याचा हिशेब साधा होता आणि घाण होता. घाबरला म्हटलं तर लोक समजून घेतात. पोट फाडून घ्यायचं म्हणजे कोण घाबरणार नाही? बायकोने अडवलं म्हटलं तर त्याहून समजून घेतात, उलट कीव करतात. पण खाल्लं म्हटलं तर? बहीण मशीनला टांगलेली आणि हा फ्रिज उघडून उभा. हे कोण समजून घेणार? भित्रा चालतो, बायकोच्या मुठीतला चालतो. खादाड चालत नाही.

"उद्या मी स्वतः जाऊन सांगते," बायको म्हणाली.

"नको. मी जातो."

दुसऱ्या दिवशी तो गेला, तो उकाड्यातही जाड जॅकेट घालून.

ती लांबलचक खोली त्याच्या ओळखीची होती. भिंतीशी ओळीने आडव्या खुर्च्या, प्रत्येकीशेजारी एक मशीन, मशीनच्या नळ्यांतून फिरणारं माणसाचं रक्त. स्पिरिटचा वास. कोपऱ्यातला टीव्ही आवाज बंद करून चालू. आणि दाराशीच जमिनीलगत एक वजनकाटा. त्याचा आकडा भिंतीवर लाल दिव्यांत उमटायचा, पलीकडच्या टोकाच्या नर्सबाईंनाही वाचता यावा म्हणून. मशीनवर जाण्याआधी प्रत्येकाने त्यावर चढायचं. किडनी नसलेल्या माणसाच्या अंगात प्यायलेलं पाणी साठून राहतं, आणि किती साठलं हे काटाच सांगतो.

ताई नेमकी काट्यावर उभी होती. पाय सुजलेले, तोंड सुजलेलं, बाकी अंगावर मांस नाही.

"परत?" नर्सबाई तिकडूनच ओरडल्या. "एका दिवसात एवढं पाणी? कितीदा सांगायचं हो तुम्हाला?"

"तहान लागली होती."

"तहान लागली म्हणे! सगळ्यांनाच लागते."

खोलीतल्या सगळ्या माना वळल्या. ताई चोरी पकडलेल्या पोरीसारखी काट्यावरून उतरली, आणि समोर भाऊ दिसला.

काटेवाल्याने नजर खाली वळवली. नर्सबाईंमुळे नाही. गेल्या वर्षी, त्र्याण्णव किलोचा असताना, इथेच उभा राहून तो ताईला म्हणाला होता, "एवढंही जमत नाही तुला? माझ्याकडे बघ. मनावर घेतलं की सगळं होतं." तेव्हा ताई हसली होती. नुसती हसली होती.

तिला खुर्चीत आडवं केलं, हातात दोन जाड सुया टोचल्या, मशीन घरघरायला लागलं. भावोजी पायाशी बसले. मेहुण्याकडे बघायचं टाळून टीव्ही बघू लागले.

"बस," ताई म्हणाली. "जॅकेट काढ की, उकडत नाही का?"

"असू दे."

"हे बघ, मी तुला आडून आडून विचारणार नाही. भीती वाटत असेल तर वाटू दे. मी मागे लागणार नाही तुझ्या. दुसऱ्या कुणाची मिळते का बघू, नाव नोंदवून ठेवू." तिला मध्येच धाप लागली. "तुझ्या बायकोचंही काही चुकत नाही. तिच्या जागी मी असते तर मीही अडवलं असतं. मनात काही ठेवू नकोस. सोडलं मी तुला."

दार सताड उघडं होतं. नुसती मान हलवायची, की सुटला. पहाटेचं चालणं नाही, उकडलेल्या भाज्या नाहीत, सुरी नाही, आणि वर बहिणीची माया शाबूत.

त्याने मान हलवली.

ताईने डोळे मिटले. मिटताना तिच्या तोंडावर जे उमटलं, ते त्याने पाहिलं. माणूस उपाशी असताना समोरून ताट उचलून नेलं की असं तोंड होतं.

"बायकोपुढे कुणाचं चालतं म्हणा," भावोजी टीव्हीकडे बघतच पुटपुटले.

काटेवाला उठला. भावोजींना वाटलं, निघाला. तो दाराशी गेला, वाकून बूट काढले, जॅकेट काढून जमिनीवर टाकलं आणि काट्यावर चढला.

"अहो, तो पेशंटचा काटा आहे!" नर्सबाई ओरडल्या.

"ताई," तो म्हणाला, "इकडे बघ."

भिंतीवर लाल आकडा थरथरला आणि थांबला. एकशे बारा. खोलीतल्या प्रत्येकाने वाचला.

"तिने नाही अडवलं. कुणीच नाही अडवलं. भीतीही नाही वाटली मला. मी खाल्लं."

ताई ताडकन उठायला गेली. हात ओढला गेला, नळी पिळवटली आणि मशीन किंचाळायला लागलं. नर्सबाई धावल्या, तिला दाबून आडवं केलं, बटणं दाबली. मशीन शांत झालं तेव्हा खोलीत एवढी शांतता होती की टीव्हीचा आवाज बंद असल्याचं सगळ्यांना कळलं.

"किती होतास?" ताईने विचारलं.

"त्र्याण्णव."

"ढब्बू." लहानपणी ती त्याला हेच म्हणायची. तो बारीक झाल्यावर तिने ते सोडून दिलं होतं. आता ते तिच्या तोंडातून थुंकल्यासारखं आलं. "घाबरला असतास तर बरं झालं असतं रे. मी इथे बर्फाचा एक खडा चोखून दुपार काढते. आणि तू खाल्लंस."

"हो."

"काय खाल्लंस?"

हा प्रश्न येईल असं त्याला वाटलं नव्हतं. "पाव. लोणी. बिस्किटं, पुड्यावर पुडे. फ्रिजसमोर उभा राहून."

"चव तरी लागली का?"

त्याने विचार केला. खरं उत्तर द्यायचं होतं. "पहिल्या दोन घासांना. पुढचं नुसतं संपवायचं म्हणून."

ताई छताकडे बघत राहिली. रक्त नळीतून फिरत होतं. "पाण्याचंही तसंच आहे," ती म्हणाली. "पहिले दोन घोट. मग नुसता तांब्या रिकामा करायचा."

भावोजी काहीतरी बोलणार होते. तिने मोकळा हात वर करून त्यांना थांबवलं.

"मी माफ केलेलं नाही हां तुला."

"नको करूस."

"आधी तुमच्या आईला सांगा," ती नवऱ्याला म्हणाली, "की याची बायको आडवी आली नाही. आजच सांगा." मग भावाकडे वळली. "आणि तू इथे यायचंस. दर वेळी. माझ्या आधी काट्यावर चढायचंस."

"सगळ्यांसमोर?"

"मी चढते ना सगळ्यांसमोर!"

डॉक्टरीणबाई काही गोड बोलल्या नाहीत. म्हणाल्या, दुसऱ्यांदा वजन उतरवायला शरीर चिवटपणा करतं, पहिल्यापेक्षा जास्त वेळ लागेल. ताईकडे तेवढा वेळ आहे का? त्यांनी खांदे उडवले. ताईचं नाव दुसरीकडेही नोंदवायला सांगितलं. काटेवाल्याने खाली मान घालून ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो फाटकातून आत आला आणि सरळ पत्र्यावरून चालत गेला. पत्रा त्याच्या पायाखाली किंचित दबला, नेहमीसारखा. केबिनमधल्या आकड्यात एकशे वीस उमटून गेले असणार, अगदी पहिल्यासारखे, जणू मधलं वर्ष कुणी जगलंच नव्हतं. म्हातारा ड्रायव्हर ट्रकच्या खिडकीतून बघत होता.

"घसरत नाही का आता?"

"घसरतं," काटेवाला म्हणाला. "घसरू दे."

या वेळी त्याने कुणाला काही सांगितलं नाही. पलंगाखालचा काटा बायकोने काढला, सेलही तिनेच घातला. दोघं पुन्हा उकडलेलं खायला लागली. ती त्याच्याशी अजून मोजकंच बोलत होती. भूक होतीच. दाराआड उभी होती. आता निदान ती तिथे आहे हे त्याला माहीत होतं.

आठवडाभराने तो ताईच्या आधी काट्यावर उभा होता. बूट काढलेले, जॅकेट घरी. भिंतीवर एकशे अकरा आणि वर सातशे ग्रॅम.

"तीनशे ग्रॅम?" ताईने विचारलं.

"हं."

"आठवड्यात?"

"हं."

"उतर. माझी पाळी."

ती भावाच्या खांद्याला धरून चढली. काटेवाल्याने आपणहून तोंड भिंतीकडून फिरवलं आणि दाराच्या कडीकडे बघत राहिला. गेल्या वर्षी हाच माणूस तिचा आकडा तिच्या आधी वाचायचा.

"इकडे बघ," ताई म्हणाली. "मी तुझा बघितला."

त्याने बघितलं. पाणी आजही जास्त झालं होतं, बरंच जास्त. तिकडून नर्सबाईंनी तोंड उघडलं. काटेवाल्याने ताईची पिशवी खांद्याला लावली, तिला हात देऊन खाली उतरवलं आणि तिच्या चालीने चालत तिला खुर्चीपर्यंत नेलं.