रेडी म्हणायच्या आधी

सेफ्टी पिन दातांत धरून ती बाई मुलीच्या फ्रॉकचा बंद ओढत होती, कपाळावर आठ्या, एका पायावर सगळा भार — आणि फोटोवालीने बटण दाबून टाकलं. मग म्हणाली, "रेडी!" बाई दचकली, पिन लपवली, पिवळ्या फुलीवर जाऊन उभी राहिली आणि मागच्या जगप्रसिद्ध मनोऱ्याचं टोक चिमटीत धरल्यासारखा हात करून हसली. हा दुसरा फोटो विकायचा. पहिला फोटोवालीचा स्वतःचा.

नऊ वर्षं हेच. फुलीवर उभं राहिलं की मनोरा बरोबर चिमटीत येतो. ती फुली बाबांनी रंगवली, तेव्हा ते इथले फोटोवाले होते. मनोरा काय, कुठे पळून जात नाही. पण रेडी म्हणायच्या आधी माणसं जशी असतात — नाक पुसताना, नवऱ्यावर खेकसताना, नुसती दमून उभी — तशी पुन्हा सापडत नाहीत. संध्याकाळी टपरीत प्रिंट काढताना दादा असले फोटो बघतो आणि कपाळावर हात मारून घेतो. "यात मनोरा कुठाय?" मारू दे.

आई गेली तेव्हा घरात तिचे चाळीस फोटो निघाले. चाळीसच्या चाळीस फुलीवरचे, बाबांनी काढलेले, हनुवटी वर, चिमटी नीट... कुलूप लावलं की नाही हे बघायला अर्ध्या जिन्यावरून परत येणारी, स्वतःवरच वैतागलेली आई एकाही फोटोत नव्हती. आणि आता तो चेहरा — खोटं कशाला बोलू, ती मनाशी म्हणायची — मला नीट आठवत नाही. याची भीती वाटते. परवा बाबा लांब, ताईकडे कायमचे राहायला जाणार होते. आज त्यांचा तसा एक तरी फोटो घेतल्याशिवाय त्यांना सोडायचं नाही, हे तिने सकाळीच ठरवून टाकलं होतं.

बाबा आले ते इस्त्रीच्या शर्टात, थेट फुलीवर.

"बाबा, बसा ना जरा बाकावर."

"बसायला आलोय का? घे पटकन, ऊन फिरतंय."

तिने लेन्स पुसायचं सोंग केलं, बॅगेत काहीतरी शोधलं, उगाच दादाला हाक मारली. पण तिचा खांदा जरा हलला की बाबांचा चेहरा तयार! तीनदा असं झालं. मग ते हसले.

"माझ्याशी चोरी करतेस होय? अगं, हा धंदा मी शिकवला तुला."

"आईचा तसा एकही फोटो नाहीये, बाबा."

बाबांची चिमटी हवेत तशीच.

"म्हणायची ती," बाबा म्हणाले, "एकदा मला न सांगता काढा. मला वाटायचं, रोल वाया जाईल."

आणि त्यांनी चेहरा पुन्हा नीट बसवला. सवयीने असेल, किंवा रडू येऊ नये म्हणून. कॅमेरा तिच्या डोळ्याला लागलेला होता, पण बोट जागचं हललं नव्हतं.

मागे रांग कुरकुरायला लागली. "ताई, आमचा नंबर कधी?"

"वेळ लागेल," ती म्हणाली.

नऊ वर्षं मी चोरून टिपत आले. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी कशासाठी थांबलेय ते त्यांना कळलं होतं, आणि ते काय आवरून उभे आहेत ते मला... किती वेळ आवरतील? हात भरून आला होता. पण कॅमेरा खाली घ्यायचा नाही — दमले तर आधी बाबा दमतील. हट्टाला मी त्यांचीच लेक आहे.