चिमणीच्या मापाचा पलंग

बसा, पण माझ्यावर नको. त्या लंगड्या खुर्चीवर बसा. मी पलंग बोलतोय. लहान मुलाचा आहे, आणि माझ्यावर अजून एकही लहान मूल झोपलेलं नाही.

माझा जन्मदाता सुतार. दिवसभर लोकांची दारं-खिडक्या करून दमतो, म्हणून घरची खुर्ची लंगडीच राहिली. पण मला घडवताना त्याच्या अंगात काय संचारलं होतं कोण जाणे! माझ्या कडा घासून घासून त्याने इतक्या गुळगुळीत केल्या, की बायको म्हणाली, "अहो, बास करा आता, नाहीतर पलंगाचा पाट व्हायचा."

ही बायको बालगृहात स्वयंपाक करते. तिथल्या एका मुलीला सगळे चिमणी म्हणत. बाप नाही, आई कधीची इस्पितळात. जेवणं आटोपली की चिमणी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन बसायची. एकदा तिने विचारलं, "मावशी, तुझ्या घरी रात्री दिवा चालू ठेवतात का गं?" झालं, मावशीचा जीव तिथेच गुंतला. एप्रनच्या नाडीने तिने मुलीची उंची मोजून आणली. सुताराने मला वीतभर लांब केलं, वाढत्या अंगाचं.

चिमणीला घरी आणायचं तर आधी प्रतिपालक म्हणून मंजुरी हवी. म्हणजे आई बरी होईपर्यंत मूल सांभाळायचं आणि मग निमूट परत द्यायचं. त्यासाठी दोघांनी रक्त तपासून घेतलं, पोलीस चौकीत जाऊन आपण चोर नाही हे पटवून दिलं, वर्गात बसून मूल कसं वाढवावं ते शिकून घेतलं. हे दोघं भांडतात का, म्हणून शेजारच्या काकूंनाही विचारणा झाली. काकू म्हणाल्या, "भांडतात की! न भांडणारे नवरा-बायको मी तरी पाहिले नाहीत." तेही निभावलं. उरली होती घराची पाहणी.

पाहणीच्या आदल्या दिवशी सुताराला राहवेना. छिन्नी घेऊन त्याने माझ्या उशाच्या फळीवर खोल कोरलं, 'चिमणी'. बायकोने त्यावरून हात फिरवला आणि तिचे डोळे भरून आले. मीही फुलून गेलो. वाटलं, आपण कुणाचे तरी झालो.

पाहणीला आलेल्या ताई वाईट नव्हत्या. गॅस, खिडकीचे गज, औषधांचं कपाट, सगळं पाहून त्या मान डोलावत होत्या. माझ्यापाशी येऊन मात्र थबकल्या.

"हे कुणी कोरलं?"

"मीच," सुतार ऐटीत म्हणाला. "लाकडात कोरलेलं जात नाही, ताई."

"तेच तर, दादा. ती जाणार आहे. तिची आई न्यायला आली, तर द्याल?"

सुताराने बायकोकडे पाहिलं. तिने पटकन 'हो' म्हणायचं होतं. ती म्हणाली, "आई कुठे बरी होतेय तिची?"

ताईंनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि पेन मिटलं.

मंजुरी देणाऱ्या समितीने कळवलं, माणसं भली आहेत, पण मूल परत देण्याची त्यांची तयारी नाही. म्हणजे माया करायची, ती हातचं राखून. चिमणीला परगावच्या दुसऱ्या घरी धाडलं. कुठे, ते मावशीला सांगितलं नाही.

सुताराने रंधा मारून नाव काढलं. कोणतंही मूल द्या, म्हणून पुन्हा अर्ज केला. या वेळी दुसऱ्या ताई आल्या. फळी पातळ झाली होती तिथे त्यांनी बोट फिरवलं, जुनी हकिगत त्यांना ठाऊक होतीच. उत्तर तेच आलं.

आता माझ्यावर वाळलेले कपडे पडतात. या खोलीतला दिवा मात्र बायको रोज लावते. चिमणीला सांगायचं उत्तर 'हो' असंच होतं. ते सांगायचं राहूनच गेलं.

परवा काकूंनी नातवासाठी मला मागितलं. सुतार म्हणाला, "पाय मोडलाय त्याचा." माझे चारही पाय धड आहेत हो! ज्याला साधा पलंग देववत नाही, त्याला मूल कसं देववलं असतं? ताईंचं खरं होतं, हे मला त्या दिवशी कळलं, आणि त्या सुताराची फार कीव आली.

तुम्ही आलाच आहात, तर मला उचलून न्या. कुठलंही मूल चालेल, लाथा मारणारं, अंथरूण ओलं करणारंसुद्धा. पण सुतार यायच्या आत न्या. आणि जाताना दिवा तेवढा मालवू नका.