टवका उडालेला जग

मित्रांनो, मला हातात घेणारा प्रत्येक माणूस आधी माझ्या तोंडाशी नाक आणतो. वर्षानुवर्षं हेच चालू आहे. त्यामुळे माझा स्वभावही जरा संशयी झाला आहे, हे आधीच कबूल करतो. लोणच्याच्या बरणीसारख्या जाड चिनीमातीचा मी एक म्हातारा जग. पोटावर निळ्या द्राक्षांचा घड आणि ओठाला डाव्या बाजूला करंगळीच्या नखाएवढा टवका उडालेला. सध्या माझा मुक्काम सौदी अरेबियात, अल खर्जमधल्या एका डेअरीच्या वसाहतीत, मराठी माणसांच्या स्वयंपाकघरात आहे.

माझा जन्म मात्र फार लांबचा, व्हिएन्ना शहराजवळचा. त्या शहराच्या कडेला द्राक्षांचे मळे आहेत आणि मळेवाल्यांच्या अंगणांत वाइनचे जुने गुत्ते. गुत्ता म्हटल्यावर नाक मुरडू नका. तिथे आजोबा, सुना, नातवंडं सगळी एकाच लाकडी बाकावर दाटीवाटीने बसत. मोठी माणसं घरच्या द्राक्षांची वाइन घेत, पोरं सरबत पीत. दारावर हिरवी फांदी टांगली की समजायचं, आज इथे घरची वाइन मिळेल. फांदी उतरवली की दार बंद. शहरातली माणसं सुट्टीच्या दिवशी ट्रामने येत आणि फांद्या बघत बघत या अंगणातून त्या अंगणात हिंडत.

रोझाबाईंच्या अंगणात मी चाळीस वर्षं राबलो. त्या रोज सकाळी माझा वास घेत आणि कालचा जरासा जरी आला तरी पुन्हा उकळत्या पाण्याने घासत. एकदा पिंपाच्या तोटीवर आपटून माझ्या ओठाचा टवका उडाला. दुसरी कोणी असती तर मला उकिरड्यावर फेकलं असतं. रोझाबाईंनी कानसीने ती धार घासून गुळगुळीत केली, कुणाचा ओठ कापू नये म्हणून. त्या थकल्या आणि मुलं शहरात गेली, तेव्हा त्यांनी फांदी कायमची उतरवली आणि आम्हा जगांना वाटून टाकलं.

मी मिळालो डॉक्टर विजय यांना. हे अल खर्जच्या डेअरीतले गुरांचे डॉक्टर, व्हिएन्नाला परिषदेसाठी आले होते. सोबतच्या डॉक्टरांनी त्यांना चार दिवस गुत्ते दाखवत हिंडवलं होतं. रोझाबाईंच्या अंगणात त्यांनी मला उंच धरून फोटो काढून घेतला, तेव्हा मी काठोकाठ भरलेला होतो.

रियाधच्या विमानतळावर तपासणीच्या अधिकाऱ्याने मला बॅगेतून काढलं, माझ्या पोटावरची द्राक्षं बघितली आणि अर्थातच वास घेतला. "हे कशाला?" त्याने विचारलं. मी रिकामा होतो, घासलेला होतो. घाबरण्यासारखं काही नव्हतं. पण डॉक्टरांना दरदरून घाम फुटला. "मोया, मोया! पाण्याचा आहे," ते म्हणाले. "खलास, यल्ला," म्हणजे झालं, निघा, असं म्हणत त्याने मला परत दिलं. घरी आल्यावर बायकोलाही डॉक्टरांनी तेच सांगितलं. खोटं एकदा तोंडात बसलं की सोयीचं वाटायला लागतं, हे मी तेव्हाच ताडलं.

त्यांच्या पत्नी दमयंतीबाई इस्पितळात सिस्टर आहेत. सुरुवातीला मला या घराचाच संशय आला. मी आलो आणि आठवड्याभरात दसरा आला. दमयंतीबाईंनी वसाहतीतल्या कडुलिंबाची हिरवी डहाळी आणून दारावर तोरण बांधलं. माझ्या छातीत धस्स झालं. हिरवी फांदी! अहो, या देशात वाइन विकणं सोडा, नुसती जवळ सापडली तरी इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना जाईल, नोकरी जाईल, तुरुंग होईल. त्याच दुपारी दार वाजलं. पांढरी दाढी आणि डोक्यावर जाळीची टोपी असलेले एक गृहस्थ वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली घेऊन आत आले. बाटलीत गडद लाल काहीतरी. म्हटलं, झालं, माल आला!

दमयंतीबाईंनी ते सगळं माझ्या पोटात ओतलं आणि मी थक्क झालो. आंबट! खारट! तो होता कोकमाचा आगळ, पिकल्या रातांब्यांचा मीठ घालून मुरवलेला रस. त्यात पाणी, मिरची, जिरं घालून फुटी कढी झाली. लाल रंग तोच, पण डोकं फिरवायच्या ऐवजी पोट शांत करणारी. ते गृहस्थ म्हणजे हुसेनमियाँ, दापोलीकडचे, डेअरीच्या स्टोअरमध्ये एकतीस वर्षं स्टोअरकीपर. त्यांची बायको दरवर्षी आगळ पाठवायची. दर शुक्रवारी नमाज झाली की ते इथे जेवायला येत आणि तीन तीन पेले कढी पीत. "दमयंतीबाय, तुझ्या हातची कढी म्हणजे माझ्या घरची गो," असं म्हणत. ते ऐकून माझाही ऊर भरून यायचा. चाळीस वर्षांत माझं असं कौतुक कुणी केलं नव्हतं.

यंदा हुसेनमियाँ नोकरी संपवून कायमचे गावी जाणार होते. चार शुक्रवार उरले होते. पहिल्या शुक्रवारी डॉक्टरांना गप्पांचा चेव आला. ते गुत्त्यांच्या गोष्टी सांगू लागले, ट्राम, बाकं, हिरवी फांदी. "अगदी आपल्या तोरणासारखी, चाचा! थांबा, फोटो दाखवतो."

हुसेनमियाँनी एका हातात मोबाइल घेतला. दुसऱ्या हातात कढीचा तिसरा पेला होता. त्यांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला, आणखी मोठा केला. दुधाचे एकसारखे हजार कॅन नुसत्या पोचांवरून ओळखणारा माणूस तो. त्यांनी पेला खाली ठेवला, हात लांब करून माझ्या ओठाच्या टवक्यावरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "डॉक्टरसाब, हा तोच काय?"

डॉक्टर हसले. "छे छे, चाचा! तसे हजारो मिळतात तिथे. हा तो नव्हे."

हुसेनमियाँ उठले. त्यांनी हात धुतले, टोपी नीट केली आणि निघून गेले. पेल्यातली कढी तशीच राहिली.

दमयंतीबाईंनी दार लावलं आणि त्या नवऱ्याकडे वळल्या. "विजय, खरं सांग. तोच आहे ना? मला पाण्याचा म्हणालास. आणखी काय काय सांगितलंयस असं?"

डॉक्टरांनी खुर्चीत बसून रोझाबाईंच्या अंगणातली माझी चाळीस वर्षं एकदाची सांगून टाकली.

मग घरात संशय असा पसरला की विचारू नका. हुसेनमियाँ दुसऱ्या शुक्रवारी आले नाहीत. डेअरीत कुणी दोघं कुजबुजताना दिसले की डॉक्टरांना वाटे, चाचांनी सांगितलं असणार. दाराची बेल वाजली की ते मला सिंकखाली कोंबत. दमयंतीबाई त्यांचं प्रत्येक वाक्य दोनदा तोलून बघत. आणि मी? मी स्वतःचाच वास घेत बसलो होतो. खरंच काही उरलं असेल का माझ्यात? तिसराही शुक्रवार कोरडा गेला. डॉक्टर म्हणाले, "टाकून देऊ हा जग. पीडा जाईल."

"जग टाकून तुझं बोलणं परत येणार आहे का?" दमयंतीबाई म्हणाल्या. त्यांनी मला टॉवेलमध्ये गुंडाळलं आणि तडक हुसेनमियाँच्या खोलीवर नेलं. तिथे दोरीने बांधलेली खोकी भिंतीपर्यंत रचली होती. त्या उभ्या उभ्याच बोलल्या. "चाचा, यात चाळीस वर्षं दारू होती. मला माहीत नव्हतं, शपथेवर सांगते. आमच्या घरात यात कोकमाशिवाय काही पडलं नाही."

हुसेनमियाँनी त्यांना बसायला सांगितलं. "भांड्याचा मला राग नाय गो," ते म्हणाले. "भांडं पाण्यानं धुतलं की पाक-साफ होतं. इतकी वर्षं ज्याच्या पंगतीला बसलो, तो माझ्या तोंडावर 'हा तो नव्हे' म्हणाला. ते कशानं धुवायचं? तेव्हापासून मला त्या घरात खाल्लेल्या प्रत्येक घासाचा संशय यायला लागला. चांगलं वाटतं काय मला ते?" दमयंतीबाईंना रडू आलं. मला रडता येत असतं तर मीही रडलो असतो.

शेवटच्या शुक्रवारी नमाज सुटायच्या वेळेला डॉक्टर स्वतः मशिदीच्या फाटकाबाहेर उन्हात जाऊन उभे राहिले. पुढचं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, कारण मी त्यांच्या हातात होतो. लोक वळून वळून बघत होते. हुसेनमियाँ बाहेर आले.

"चाचा, हा तोच," डॉक्टर म्हणाले. "मी घाबरलो आणि खोटं बोललो. आधी विमानतळावर, मग दमयंतीशी, मग तुमच्याशी. तुमच्याशी बोललो त्याची सगळ्यात जास्त लाज वाटते."

हुसेनमियाँनी मला डॉक्टरांच्या हातातून काढून घेतलं. ते बाजूच्या नळापाशी गेले, बाह्या वर केल्या आणि मला आतून बाहेरून धुतलं, एकदा, दोनदा, तीनदा. टवक्यावरून अंगठा फिरवत, अगदी रोझाबाईंसारखं.

मित्रांनो, भांडी जपून हाताळा. टवका उडाला तर फेकू नका, धार घासून घ्या. आणि कुणी विचारलं तर भांड्याचं मूळ सांगून टाका. माझ्या मुळाची मला कधी लाज वाटली नव्हती. ते लपवलं गेलं, तेव्हाच मी नासलो.

मी मघाशी म्हणालो, मला हातात घेणारा प्रत्येक माणूस आधी वास घेतो. त्या दुपारी आमच्या घरी आल्यावर हुसेनमियाँनी पिशवीतून आगळाची शेवटची बाटली काढली. दमयंतीबाईंनी मला पुसून त्यांच्यापुढे ठेवलं. हुसेनमियाँनी मला जवळ ओढलं, बाटलीचं बूच काढलं आणि वास न घेता ओतायला सुरुवात केली.