तेरा मिनिटं पुढचं घड्याळ

दिल्लीच्या एका प्रयोगशाळेत एकतीस वर्षं सीझियमच्या अणुघड्याळांची निगा राखून प्रेमानंद आपल्या गावी, माकणीला परतले, आणि आठवडाभरात गावातली सत्यभामा दारात येऊन उभी राहिली.

"भाऊ, माजी बारा मिनिटं काढून द्या."

कालव्याच्या चारीवर सकाळी सहा ते आठ लिंबाजीची पाण्याची पाळी, आठ ते दहा सत्यभामाची, दहानंतर परत लिंबाजीच्या खालच्या रानाची. मधे सापडलेल्या सत्यभामाच्या कांद्याचे शेवटचे दोन वाफे दर पाळीला कोरडे राहायचे.

लिंबाजी प्रेमानंदांचा शाळासोबती. त्याला बोलावल्यावर तो हसतच आला. "म्या घड्याळ बघूनच पाणी सोडतो, प्रेमा. आठला घरात असतो, भितीवरचं बघतो. दहाला रानात असतो, मोबाइल बघतो."

भिंतीवरचं घड्याळ सात मिनिटं मागं होतं. मोबाइल, लोहाऱ्याची एसटी चुकू नये म्हणून, त्यानं हातानं पाच मिनिटं पुढं लावलेला.

"मग खरी वेळ सांगा की," सत्यभामा म्हणाली. "तुमी तर वेळंच्या कारखान्यात होता."

इथं प्रेमानंदांचा एकतीस वर्षांचा प्रामाणिकपणा आडवा आला. सीझियमचा अणू एका सेकंदात नऊ अब्जांवर हेलकावे घेतो, हे त्यांनी सांगितलं. उत्तम घड्याळ कोट्यवधी वर्षांत एखादा सेकंद चुकेल, हेही सांगितलं. "पण त्याला तपासायला त्याच्याहून खरं घड्याळ आणायचं कुठून? म्हणून जगातली शेकडो घड्याळं एकमेकांशी ताडून सरासरी काढतात. आपलं किती चुकलं, ते पुढच्या महिन्यात कळतं."

"म्हंजे आज किती वाजले ते पुढच्या महिन्यात?" लिंबाजीनं विचारलं.

"अगदी काटेकोर म्हणशील तर, व्हय."

"आन् ह्याला पेन्शन हाय," लिंबाजी सत्यभामाला म्हणाला.

प्रेमानंद घरात गेले आणि वही घेऊन बाहेर आले. चार दिवस त्यांनी गावातली घड्याळं आपल्या मनगटी घड्याळाशी ताडून तपासली. लिंबाजीचं भिंतीवरचं आणखी दोन मिनिटं मागं पडलं. सत्यभामाच्या घरातलं, तिच्या लग्नात आलेलं, तेरा मिनिटं पुढं होतं; ते तेरा मिनिटंच पुढं राहिलं. पाचव्या दिवशी त्यांनी ते चारीच्या दाराजवळ बाभळीला टांगलं. पाणी घ्यायचं ह्यावर, सोडायचंही ह्यावरच.

"चुकीच्या घड्याळावर पाणी?" लिंबाजी म्हणाला.

"चुकीचंच आहे. पण रोज तेवढंच चुकतं. आमच्या प्रयोगशाळेत अशा घड्याळाला हात लावत न्हायत. चूक किती ते लिहून ठेवतात." त्यांनी काचेखाली चिठ्ठी चिकटवली : तेरा मिनिटं पुढं, अधिक-उणे एक.

त्या पाळीला बाभळीवर दहा वाजले तेव्हा सत्यभामाच्या शेवटच्या वाफ्यात पाणी शिरलं होतं. एक कोपरा तेवढा राहिला. तो पाहून ती चिठ्ठीपाशी आली आणि बराच वेळ वाचत राहिली.

"भाऊ, हे अधिक-उणे एक मिनिट कुणाच्या रानात जातंय?"

एकतीस वर्षांत हा प्रश्न प्रेमानंदांना कुणी विचारला नव्हता. प्रयोगशाळेत अनिश्चितता कागदावर राहायची, तिला पाणी लागायचं नाही. त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि चिठ्ठीवर एक ओळ वाढवली : एक मिनिट, एका पाळीला सत्यभामा, एका पाळीला लिंबाजी.

"सुरुवात कुणापासनं?" लिंबाजीनं लगेच विचारलं.

सत्यभामानं आधीच चारीचं दार आपल्या रानाकडं उघडं धरलं होतं.