चार नंबरचं खोकं

"तेवीस... चोवीस... पंचवीस..."

मुलं बेंबीच्या देठापासून ओरडून आकडे मोजत होती आणि माझ्या सासूबाईंचा हात चार नंबरच्या खोक्यात तसाच होता.

त्या खोक्यात बर्फ होता. आधीच्या सात मुलांपैकी एकानंही तिथं दोन सेकंदांच्या वर हात ठेवला नव्हता. वरच्या मजल्यावरचा सत्यम तर "ओ तेरी!" म्हणत उडालाच होता. आणि आई पाटावर मांडी घालून, कपाळाला आठी पाडून निवांत विचार करत होत्या.

"वाटी हाय. वाजू ऱ्हायली," त्या म्हणाल्या. "आत... थांबा रे, बोंबलू नका. खडीसाखर व्हय?"

हॉलभर हशा पिकला. माझा नवरा राजकुमार मोबाइलवर व्हिडिओ काढत होता, त्याचा हात हसण्यानं हलत होता. "आई पोरांना मुद्दाम जिंकू देतीय," तो मला म्हणाला.

मीही हसले. मग आईंनी हात बाहेर काढला. बोटं लालभडक झाली होती, पाणी ठिबकत होतं. त्यांनी ती पदराला पुसली, ओल्या पदराकडं पाहिलं आणि मग म्हणाल्या, "अगं बाई, बर्फ हाय की!"

बघून म्हणाल्या. माझं हसू तिथंच थांबलं.

हा खेळ मीच केला होता. माझ्या लेकीचा, संस्कृतीचा सहावा वाढदिवस. तिला मोबाइलवर कुठंतरी दिसलेला 'हात घाला, ओळखा' हवा होता. उस्मानपुऱ्यातल्या चपलांच्या दुकानातून बुटांची पाच खोकी मागून आणली, प्रत्येकाला हाताएवढं भोक पाडलं, डोकावून बघता येऊ नये म्हणून आतून जुन्या मोज्याची बाही लावली. भोकाच्या कडा कुणाला कापतील म्हणून त्यांना दोन-दोनदा चिकटपट्टी मारली. आत काय ठेवायचं यावर चार दिवस डोकं खपवलं. टोचणारं नको, चिकट नको, धाकटा सात महिन्यांचा शिवराज तोंडात घालेल असं बारीक नको. राजकुमार म्हणाला होता, "रूपा, तू वाढदिवस करतीयस का परीक्षा घेतीयस?" शेवटी ठरलं: भिजवलेला साबुदाणा, लिंबू, कापूस, बर्फ, नारळाची शेंडी. कुणाला काही होणार नाही, याची मी पुरती खात्री करून घेतली होती.

"आज्जी, आता पाच नंबर!" संस्कृतीनं खोकं पुढं ढकललं.

"बास आता. मला भजे तळायचेत."

"नाही! एक राहिलंय!"

आईंनी हात घातला. या वेळी फार वेळ लावला नाही. "हे तं सोपं हाय. कापूस."

खोक्यात नारळाची शेंडी होती. राठ, खरखरीत, हाताला खाज सुटेल अशी.

मुलं पुन्हा खदखदून हसली. "आज्जी आउट! आज्जी आउट!" मी कोपऱ्यातल्या खुर्चीच्या पाठीला घट्ट धरून उभी राहिले.

आमच्या घरात एक गोष्ट पाहुण्यांना हमखास सांगितली जाते. आईंच्या, म्हणजे आवडाबाईंच्या हाताला चटका लागत नाही. वैजापूरला मार्केट यार्डाजवळच्या एका खानावळीत त्यांनी सव्वीस वर्षं भाकरी थापल्या. सकाळी पाचाला चूल पेटली की दुपारी तीनला विझायची. चिमटा नाही, उलथनं नाही. तव्यावरची भाकरी बोटांनी उलटायची, निखाऱ्यावर शेकायची, फुगली की हातानंच उचलून टोपल्यात. कांदे घेऊन आलेले ट्रकवाले जेवण झालं की चुलीपाशी येऊन बघत उभे राहायचे, असं राजकुमार अभिमानानं सांगतो. लग्न करून या घरात आले तेव्हा मीसुद्धा बघत उभी राहिले होते. माझ्या मैत्रिणींनाही सांगितलं होतं, आमच्या आई उकळत्या दुधाचं पातेलं नुसत्या हातानं उतरवतात म्हणून.

तासाभरापूर्वी औक्षणाच्या वेळी निरांजन फडफडायला लागलं, तर आईंनी पेटती वात दोन बोटांत धरून वर ओढली होती. "बघा, बघा!" म्हणत सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. मीही.

आई भजी तळायला आत गेल्या, तशी मी मागोमाग गेले. गॅस पेटवू दिला नाही. त्यांचा उजवा हात धरला आणि ट्यूबच्या उजेडात उलटा केला. आठ वर्षं मी या हातचं जेवते; हा हात मी कधी पाहिलाच नव्हता. बोटांची टोकं काळपट, चकचकीत. अंगठ्याखाली पिकून सुकलेला फोड. तर्जनीवर ताजी भाजल्याची खूण, बहुतेक निरांजनाचीच.

"आई, हे दुखत नाही?"

"कामाचा हात हाय तो. तुझ्यावानी कॉलेजातला नाय."

मी त्यांच्या तर्जनीला नख लावलं. मग जोरात दाबलं. त्या माझ्या तोंडाकडं बघत होत्या, हाताकडं नाही.

"आता मी काय करतेय?"

"काय करू ऱ्हायली?" त्यांनी विचारलं.

तेवढ्यात संस्कृती दारात आली. डोक्यावर पुठ्ठ्याची टोपी, गालाला केकचं क्रीम.

"मम्मी, आज्जीला गरम-गार कळतच नाही. मी सांगितलं होतं तिला, चार नंबरमध्ये बर्फ आहे म्हणून. ती विसरली."

"तुला कसं माहीत?"

"मीच तर सांगते ना रोज! बाळाच्या आंघोळीच्या पाण्यात मी आधी बोट घालते. मी बरोबर म्हटलं की मगच आज्जी बाळाला घेते." मग तिनं जीभ चावली. "आज्जी... सीक्रेट होतं ना?"

मी गव्हाच्या डब्यावर बसले.

शिवराज जन्मल्यापासून त्याची आंघोळ आईच घालतात. मला भीती वाटायची; लेकरू साबणाच्या हातातून निसटेल, नाकात पाणी जाईल. आई दोन्ही पाय लांब करून बसत, त्याला पायांवर पालथं घालत आणि मी शेजारच्या खोलीत निर्धास्त त्याचे कपडे काढून ठेवी. या घरात मी डोळे मिटून विसंबावं अशी ती एकच गोष्ट होती.

आणि मग मला दिवाळी आठवली. संस्कृती चार दिवस मामाकडं जालन्याला गेली होती. त्यातल्या दुसऱ्या दिवशी शिवराजची पाठ लाल झाली होती. रडून रडून त्याचा आवाज बसला होता. डॉक्टरांकडं नेलं. पावडर बंद केली, साबण बदलला, कपडे धुणाऱ्या द्वारकाबाईंना नको ते बोलले. आईंनी दोन दिवस अन्नाला हात लावला नव्हता. उपवास आहे म्हणाल्या होत्या. कसला, ते मी विचारलं नव्हतं.

"दिवाळीत..." मी म्हणाले.

आईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. बाहेर मुलं फुगे फोडत होती. प्रत्येक फुग्याला मी दचकत होते.

"कोपरानं पाहिलं व्हतं म्या," त्या म्हणाल्या. "कोपराला कळायचं तव्हर. त्या दिवशी कळलं, की कोपर बी गेलं."

"कधीपासून आहे हे?"

"शुगरची गोळी चालू झाली तव्हापासून आसंल. का त्याच्या बी आधी. लोकं म्हणायचे, आवडाबाईला भाजत नाय. मला बी वाटायचं, नाय भाजत."

"आई, सांगायचं तरी! एकदा तरी!"

त्यांनी पहिल्यांदा मान वर केली. "सांगितलं आसतं, तं लेकरू दिलं आसतं का माझ्या हातात?"

दारात राजकुमार उभा होता. कधीपासून, कोण जाणे. मोबाइल अजून चालूच होता. त्यानं तो हळूच खाली घेतला. आत आला, गॅसजवळच्या खिळ्यावरचा चिमटा काढला आणि आईच्या हातात दिला. आईंनी तो हातात फिरवून पाहिला, जणू दुसऱ्या कुणाच्या घरातली वस्तू.

"पोरं भुकेजलीत," त्या मला म्हणाल्या आणि चिमटा पुन्हा खिळ्याला लावला. "भजे तू तळ आज."

दुसऱ्या दिवशी सकाळी आई न्हाणीकडं आल्या नाहीत. हॉलमध्ये ताटात तांदूळ घेऊन निवडत बसल्या. निवडलेले होते ते, मीच परवा निवडले होते. मी शिवराजला घेऊन पाटावर बसले. पाय लांब केले, त्याला पालथं घातलं. तो एका बाजूला घसरला, मी किंचाळले, तो किंचाळला. दोनदा प्रयत्न केला. सात महिन्यांचं माझंच लेकरू माझ्या हाताला ओळखत नव्हतं.

"आई," मी हाक मारली. "या."

ताट खाली ठेवल्याचा आवाज झाला. त्या आल्या. मी उठले, त्या पाटावर बसल्या, लुगडं गुडघ्यापर्यंत सारलं. बादलीवर हात नेला, पण पाण्याला लावला नाही.

"सांग," त्या मोठ्यानं म्हणाल्या. दाढी करणाऱ्या राजकुमारला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. "कसं हाय पानी?"

मी बोटं बुडवली. "एक तांब्या गार घाला."

त्यांनी घातला. "आता?"

"आता बरोबर."

तोंडात ब्रश धरलेली संस्कृती दारातून आत आली. तिनंही बोट बुडवलं आणि मान हलवली.

आईंनी दोन्ही हात पुढं केले. मी शिवराजला त्यांच्या पायांवर ठेवलं. तो लगेच गप्प झाला, गाल त्यांच्या नडगीवर टेकून पडून राहिला. माझा डावा हात मात्र पुन्हा बादलीत गेला आणि काही केल्या निघेना.

आईंनी त्या हाताकडं पाहिलं. त्याला धक्का लागणार नाही असा, बाजूनं तांब्या बुडवून घेतला.