छापलंय तसं

ताईंनी चिमट्याने तिसरी जाळी उचलली आणि विषाणूंच्या थेंबावर अलगद टेकवली. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायची, मसुराच्या दाण्याएवढी तांब्याची जाळी.

समोर दोघे बसले होते. विषाणू उठून दिसावेत म्हणून वापरायचे तीन रंग ताडून पाहून संशोधन केंद्रासाठी एक पद्धत ठरवायला बाहेरून आलेले परीक्षक, आणि शेजारी प्रयोगशाळेचे प्रमुख, सर. टंगस्टनच्या आणि मॉलिब्डेनमच्या रंगात विषाणू दिसले होते, पण पुसट. आता पाळी युरेनियमच्या रंगाची, म्हणजे सरांच्या पद्धतीची. सर निवांत होते. ताईंचा हात कधी चुकत नाही, असं ते सगळ्यांना सांगत. लिहून मात्र कधी दिलं नाही.

खरं तर ही पद्धत ताईंनी अकरा वर्षांपूर्वी बसवली होती. लेख सरांच्या एकट्याच्या नावाने निघाला. ताईंनी विचारलं तेव्हा सर हसून म्हणाले होते, "चिमटा धरणाऱ्याचं नाव कुणी छापतं का? उद्या झाडूवालीचंही छापू." ताई मूग गिळून बसल्या, पण तो राग अजून ताजा होता. शिवाय सरांनी लेखातून एक पायरी मुद्दाम गाळली होती: रंगाआधी जाळी पाण्याच्या दोन थेंबांवर धुणं. न धुता विषाणूंच्या द्रावणातलं फॉस्फेट युरेनियमला भेटलं की काळे ठिपके पडतात. दुसऱ्यांना जमू नये, त्यांनी नमुने आपल्याकडेच धाडावेत, हा सरांचा डाव.

पाण्याचे थेंब समोर तयार होते. ताईंचा चिमटा त्यांच्यावरून पुढे गेला आणि जाळी थेट रंगावर टेकली.

सर खुर्चीत पुढे सरकले. परीक्षकांसमोर बोलायची सोय नव्हती. बोला ना आता, ताईंच्या मनात आलं, आणि त्यांना फार बरं वाटलं.

दहा मिनिटांनी सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यावर विषाणू शोधून सापडेनात. जिकडे तिकडे काळे ठिपके.

"हे काय?" परीक्षकांनी विचारलं.

"लेखात छापलंय तसंच केलं," ताई म्हणाल्या.

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. नाक दाबलं तसं तोंड उघडलं.

"धुवायचं राहिलं. पाण्याच्या थेंबांवर."

"ते लेखात नाहीये," ताई म्हणाल्या.

"नाहीये." सर म्हणाले. "मीच गाळलं. पद्धत यांची आहे. विचारा त्यांनाच."

अकरा वर्षं ताईंना हेच ऐकायचं होतं. परीक्षक त्यांच्याकडे वळले.

"खरं का? तुमची असेल तर तुमच्या नावाने लिहितो. पुन्हा करून दाखवा."

"सरांचं मन मोठं आहे," ताई म्हणाल्या. "पण माझी कसली पद्धत? लेखावर नाव त्यांचं एकट्याचं आहे."

परीक्षकांनी आपल्या तक्त्यातल्या तिसऱ्या, युरेनियमच्या ओळीवर काट मारली. त्या ओळीत आपलंही सगळं गेलं, हे ताईंना कळत होतं. सर अजून त्यांच्याकडेच बघत होते, आणि ते बघणं इतक्यात संपू नये असं ताईंना वाटत होतं.